टाकीच्या तोंडाशी

"थांबलास का, रुबेन? वाच पुढे," हनोक सर म्हणाले.

रुबेन अष्टमकरने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओळ तीच होती. एखाद्याने काही पाहिलं असेल किंवा त्याला ते ठाऊक असेल, आणि साक्ष मागितल्यावर तो गप्प राहिला, तर त्या अपराधाचं ओझं त्याने स्वतःच वाहायचं. एवढंच होतं. तरी तो पुढच्या ओळीकडे गेला नव्हता.

पेणच्या इस्रायल आळीत दर रविवारी सकाळी धर्मग्रंथ वाचायचा हा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे चार माणसं. ऐंशी वर्षांचे हनोक सर, ज्यांनी पेणमधल्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं. विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा एझ्रा. बँकेत नोकरीला असलेली शरोना. आणि रोह्याहून एसटीने येणारा रुबेन, वय त्रेसष्ट, कंपनीतून निवृत्त. बाकीची ज्यू कुटुंबं केव्हाच इस्रायलला किंवा ठाण्याला गेली होती. सर म्हणायचे, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, शिकायला दोन माणसं पुरतात.

"सर, पण साक्ष मागितलीच नाही तर?" शरोनाने विचारलं. "मग तो माणूस सुटला का?"

"कायद्याने सुटला," एझ्रा म्हणाला. "न विचारता कोण सांगायला जातं?"

"यावर मोठमोठ्यांनी वाद घातलेत," सर म्हणाले. "मी आपला गणिताचा मास्तर. मला इतकंच कळतं, की गणित न सुटणं वेगळं आणि उत्तर येत असून पाटी कोरी ठेवणं वेगळं."

रुबेनने पुस्तकावरून नजर न उचलता विचारलं, "आणि कोरी न ठेवता खोटंच लिहिलं असेल तर?"

सरांनी पान उलटलं. "तेही आहे इथे. ज्याने दुसऱ्याचं खोटेपणाने घेतलं, त्याने आधी ते परत करायचं. मग अर्पण घेऊन वेदीकडे यायचं. आधी वेदी नाही."

"वस्तू असेल तर परत करता येईल. पण नाव असेल तर? माणसाचं नाव?"

सरांनी विचारलं, "कुठे घेतलं होतं नाव?"

"चारचौघांत."

"मग चारचौघांतच द्यावं लागेल."

"तो माणूस आता नाही."

"माणूस नसला तरी नाव असतं, रुबेन. घरातलं कोणी ना कोणी ते घेऊन फिरत असतं." सरांनी पुस्तक मिटलं. "लोकांना वाटतं, बरं आणि वाईट समोर ठेवलं आणि एकदा निवडलं की झालं. तसं नसतं. काल चुकीचं निवडलं असलं तरी आज सकाळी दोन्ही पुन्हा समोर असतातच."

परतीच्या एसटीत रुबेनला खिडकी मिळाली होती, पण बाहेरचं त्याला काही दिसलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होता. कंपनी आता बंद पडली आहे. ठेकेदाराकडून जी माणसं यायची त्यांत जनू होता, वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातला. बाप मिठागरावर राबलेला आणि दारूने मेलेला. त्या बापाच्या प्रेताला हात लावून जनूने दारू न पिण्याची शपथ घेतली होती आणि ती पाळली होती. होळीला सगळी शिफ्ट झिंगलेली असायची तेव्हा हा एकटा कोपऱ्यात शेंगा सोलत बसायचा. रुबेनवर त्याचा जीव होता. खाडीत जिताडा मासा मिळाला की रुबेनसाठी तुकडी घेऊन यायचा. कोलंबी मात्र कधी आणली नाही. "तुमच्यात खवलं नसलेला चालत नाय ना, रुबेनभाव," असं म्हणायचा. कोणीतरी सांगितलेलं त्याने नीट लक्षात ठेवलं होतं.

त्या दिवशी दुपारी जनूला टाकी साफ करायला आत उतरवलं. तळाचा गाळ खरवडून काढायचा होता. माणूस आत असेपर्यंत टाकीच्या तोंडाशी दुसऱ्याने उभं राहायचं, आतल्याशी बोलत राहायचं आणि उत्तर आलं नाही की दोर ओढायचा, असा नियम होता. त्या कामावर रुबेनची नेमणूक होती.

रुबेन चहाला गेला.

दहा मिनिटांचं काम, असं त्याला वाटलं. कॅन्टीन समोरच होतं. गप्पांत दहाची पंचवीस मिनिटं झाली. परत आला तेव्हा दोर सैल पडला होता आणि आतून खरवडण्याचा आवाज येत नव्हता. शेजारच्या पाइपातून विषारी वाफ आत झिरपली होती. जनूला वर काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

संध्याकाळी साहेबांनी रुबेनला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. उलट बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "तू तिथे नव्हतास हे मला माहीत आहे. पाइप बंद केला नव्हता हे तुला माहीत आहे. आता दोघांनी काय करायचं?" मग त्यांनीच मार्ग सांगितला. माणूस न विचारता आत उतरला. तोंडाला दारूचा वास येत होता. रुबेनने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. नंतर गेटपाशी, जनूच्या गावची माणसं जमली होती त्यांच्यासमोर, तेच तोंडाने सांगितलं. डॉक्टरांच्या अहवालात काय होतं ते कोणी विचारलं नाही आणि जनूच्या बायकोला तो कोणी वाचूनही दाखवला नाही.

पहिल्या वर्षी एकदा रुबेन त्या गावाच्या बांधापर्यंत गेला होता. लांबून माणसं दिसली आणि तो परत फिरला.

घरी आल्यावर त्याने जेवण टाळलं. त्याची बायको मोझेल पेसाखच्या सणाची आवराआवर करत होती. डबे उन्हात घालून झाले होते, कपाटं पुसायची राहिली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"जनूचं घर शोधतो," तो म्हणाला. "खरं काय ते सांगून येतो."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "सही करा असं मीच म्हणाले होते."

"सही माझी आहे."

"आपली एस्तेर बारा वर्षांची होती. धाकटा तापाने फणफणला होता. तुम्ही दारात उभे राहून मला विचारलंत, काय करू. मी म्हणाले, करा सही, नोकरी गेली तर कुठे जाऊ. मला आठवतंय सगळं." तिने पदराने हात पुसले. "आता या वयात पोलीस आले तर?"

"येतील तर येतील."

"मी आडवी येत नाही. पण मला तिथे नेऊ नका. माझ्याच्याने त्या बाईकडे बघवणार नाही."

रुबेनने मान हलवली. मोझेलला सहीचं माहीत होतं. टाकीच्या तोंडाशी त्याने उभं राहायचं होतं आणि तो चहाला गेला होता, हे तिलाही माहीत नव्हतं. ते त्याने एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आता तो स्वतःशी ठरवत होता, की दारूचं खोटं होतं एवढं सांगायचं. जनूचं नाव तेवढ्याने स्वच्छ होईल. बाकीचं सांगून त्या बाईला जास्तीचं दुःख कशाला द्यायचं? हा विचार त्याला रात्रभर पटत राहिला, आणि तरीही झोप आली नाही.

सोमवारी तो वडखळला उतरला. नाक्यावरच्या चहावाल्याला जनूचं नाव-गाव सांगितल्यावर त्याने विचारलं, "जनूच्या बायकोकडं, पुतळीकडे जायचंय? मंग गावात कशाला जाता? ती हमरापूरला कारखान्यात असते दिवसभर."

मिनीडोर रिक्षाने तो हमरापूरला पोचला. गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. सण पाच-सहा महिने लांब होता, पण शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. पाच-सहा बायका जमिनीवर बसून पॉलिश पेपरने मूर्ती घासत होत्या. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी होती. कारखान्याचा मालक निलेश रंगाचे डबे मोजत होता. त्याने बोट दाखवलं, "त्या बगा, कडंला."

पुतळी पन्नाशीची असेल. हाडापेराने मजबूत, हात भराभर चालत होते. रुबेन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मी रुबेन अष्टमकर. रोह्याचा. जनूबरोबर कंपनीत होतो."

तिचे हात थांबले नाहीत. "रुबेनभाव," ती म्हणाली. "ते तुमचं नाव घेयाचे. तुमच्यात कोलंबी चालत नाय."

रुबेनला वाटलं, उठावं आणि निघून जावं. शेजारच्या म्हाताऱ्या कृष्णाबाई कान देऊन ऐकत होत्या. निलेशही बघत होता. चारचौघं होते.

"त्या दिवशी मी लिहून दिलं होतं, की जनू दारू प्यायला होता," रुबेन म्हणाला. "न विचारता टाकीत उतरला असं लिहिलं होतं. दोन्ही खोटं होतं. तो प्यायला नव्हता. त्याला कामासाठी उतरवला होता. पाइप बंद नव्हता, तो कंपनीने बंद करायला हवा होता. मी खोटी सही केली आणि गेटवर तुमच्या माणसांसमोर खोटं बोललो."

शेडमधल्या बाकीच्या बायकांचे हात एकेक करून थांबले. पुतळी मूर्तीचा कान घासत होती, तो घासून पुरा केला. मग तिने मूर्ती हळूच बाजूला ठेवली.

"वास येत व्हता का?"

"नाही."

"जरा पन?"

"नाही. कधीच नाही."

"मंग लिवलात कसा?"

"घाबरून. नोकरी जाईल म्हणून."

ती मांडीवरची भुकटी झटकत राहिली. "त्यांना घरी आणला तवा मी तोंडाशी नाक नेऊन पाह्यला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कायपन वास नव्हता. मी सगळ्यांना सांगितला, नाय पीत माझा मानूस. पन तुमचा कागद होता. शिकलेल्या मानसाचा. सगळी म्हनाली, बापाच्या वळनावर गेला. मंग वरीस गेला, दोन वर्सं गेली, आन मनाच वाटायला लागला, माझाच नाक चुकला आसंल. येवढी लोकं सांगतात ती काय खोटी? एकोनीस वर्सं मी त्या मानसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, रुबेनभाव. सपत मोडलीस, पोरांना उघड्यावर टाकलास, म्हनून. सराद घालताना पन घातल्या."

कृष्णाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुतळीने तो हळूच काढला.

रुबेन सरांशी बोलला होता तेव्हा त्याला वाटलं होतं, की त्याने जनूचं नाव गावाकडून घेतलं. घरातूनही ते आपण उचलून नेलं, बायकोच्या मनातून काढून घेतलं, हे त्याला आता कळत होतं. त्याला हात जोडावेसे वाटले. पण हात जोडले तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून ते त्याने गुडघ्यांवरच ठेवले.

"मना सांगून काय उपेग?" ती उठत म्हणाली. "अमोलला सांगा. त्यानं बापाचा फोटो कदी भिंतीला लावू दिला नाय. आन गावात सांगा, जी बोलली त्या मानसांना. आजच. उद्या तुमी याल का नाय, मना काय ठावं?"

"आजच येतो," रुबेन म्हणाला.

निलेशने काही न विचारता तिला सुट्टी दिली.

गाव खाडीच्या अंगाला होतं. मिठागरांचे चौकोन उन्हात पांढरे दिसत होते. बऱ्याच ठिकाणी आता मीठ पिकत नव्हतं, नुसतं पाणी साचलं होतं. देवळाच्या ओट्यावर चार-पाच पुरुष बसले होते. त्यांत बाबाजी होते, वयाने सगळ्यांत मोठे. पुतळीने अमोलला फोन केला होता. तो टेम्पो चालवायचा, तो टेम्पोसकटच आला. सव्वीस वर्षांचा, बापासारखाच रुंद कपाळाचा. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि हाताची घडी घातली.

रुबेनने सगळं पुन्हा सांगितलं. हमरापूरला सांगितलं तसंच आणि तेवढंच. 

बाबाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बापाच्या वळनावर गेला, हा मीच बोललो व्हतो," ते म्हणाले. "मैताला. पोराच्या देखत."

"व्हय," अमोल म्हणाला. "माझ्या ध्यानात हाय."

मग तो रुबेनकडे वळला. "तवा लिवून दिलात ना? आता पन लिवून द्या. सही करून. त्याचा काय करायचा ता मी बघीन."

"देतो."

"तुमाला तरास होईल त्याचा."

"होऊ दे."

अमोलने टेम्पोतून वही आणली, मधला एक कागद फाडून दिला. पेन दिलं. रुबेनने कागद वहीवर ठेवून लिहायला सुरुवात केली. तारीख घातली. जनूचं पूर्ण नाव घातलं. प्यायलेला नव्हता, हे लिहिलं. उतरवला होता, हे लिहिलं. पाइपाचं लिहिलं. साहेबांनी केबिनमध्ये काय लिहायला सांगितलं ते लिहिलं. अक्षर अजून ऑपरेटरचंच होतं, मोठं आणि सुटं. कागद जवळजवळ भरला. खाली सही करून त्याने तो अमोलकडे दिला. अमोलने तो मोठ्याने वाचला, एकेक शब्द सावकाश. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "बरा झाला, तुमी आलात." दुसऱ्याने रुबेनला सावलीत बसायला जागा करून दिली.

 आता सगळं झालं, असं रुबेनला वाटलं. शेवटची एसटी वडखळहून मिळेल. घरी जाऊन मोझेलला सांगता येईल. रविवारी सरांसमोर बसता येईल.

पुतळी ओट्याच्या खाली, पायरीवर बसली होती. तिने भुकटीने पांढरे झालेले हात अजून धुतले नव्हते. ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "रुबेनभाव, त्या दिशी जेवले व्हते का ते?"

"हो. आम्ही बरोबरच जेवलो. तुम्ही दिलेली वालाची भाजी होती. मला वाढली त्याने."

"काय बोलत व्हते?"

रुबेनने आठवून सांगितलं. अमोलला दुसऱ्या दिवशी शाळेत पाटी हवी होती, ती घ्यायची म्हणून तो लवकर सुटायचं म्हणत होता. हाताला गाळाने खाज सुटते म्हणत होता. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, जणू तिला कोणीतरी जुने कपडे घडी घालून एकेक करून हातात देत होतं. अमोलही हाताची घडी सोडून खाली बसला होता.

"आन शेवटाला?" पुतळीने विचारलं. "आत उतरल्यावर? तुमी तोंडाशी व्हतात ना? ते सांगायचे मना, रुबेनभाव वर उभा ऱ्हातो, बोलत ऱ्हातो, म्हनून भ्याव वाटत नाय. शेवटाला काय बोलले ते?"

ओट्यावरचे सगळे रुबेनकडे बघत होते. काहीतरी सांगता आलं असतं. तुमचं नाव घेतलं, पोराचं नाव घेतलं. तिला ते आयुष्यभर पुरलं असतं, आणि ते खोटं आहे हे जगात कोणालाच कळलं नसतं. तिच्यासाठी ते चांगलंच झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"मी तिथे नव्हतो. तोंडाशी मीच उभं राहायचं होतं. त्याला आत उतरवला आणि मी चहाला गेलो. पंचवीस मिनिटांनी आलो. त्याने हाक मारली असेल, तर ती ऐकायला वर कोणी नव्हतं."

 पुतळीने मान फिरवली आणि खाडीकडे तोंड केलं. ज्याने जागा करून दिली होती तो म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला. बाबाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

अमोल उठला. हातातला कागद त्याने रुबेनसमोर धरला.

"हा पन लिवा," तो म्हणाला.

रुबेनने कागद घेतला. सहीच्या खाली बोटभर जागा उरली होती. त्याने वही मांडीवर नीट ठेवली आणि अक्षर बारीक काढत लिहायला लागला.